महागडा वायरलेस हेडफोन पहिल्यांदा घेताना: बॅटरी, आवाज आणि किंमत यांचा मेळ

पहिल्यांदाच महागडा वायरलेस हेडफोन घ्यायला निघालेल्या माणसाच्या नजरेत सर्वांत आधी भरतो तो खोक्यावरचा बॅटरीच्या तासांचा आकडा. तो ठळक छापलेला असतो, दोन हेडफोनचे आकडे शेजारी ठेवून क्षणात तुलना करता येते, आणि म्हणून निर्णयही बहुतेक वेळा त्याच्यावरच होऊन जातो. आवाज कसा आहे हे खोक्यावर छापता येत नाही, आणि हा हेडफोन पाच वर्षांनी वापरण्याजोगा राहील का, हे तर कोणी छापतच नाही. माझ्या मते निवडीचा क्रम याच्या उलट असायला हवा. आधी हेडफोन कानावर कसा बसतो ते पाहावे, मग आवाज तपासावा, आणि बॅटरीचा विचार करताना ती एका चार्जिंगमध्ये किती तास चालते यापेक्षा किती वर्षे साथ देईल याला अधिक वजन द्यावे. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

पायरी १ : आपला वापर लिहून काढणे

खरेदीच्या आधी आठवडाभर छोटी नोंद ठेवावी. दिवसाला साधारण किती तास ऐकणे होते, त्यात संगीत किती आणि फोनवरचे बोलणे किती, ऐकताना आसपास सतत घरघर असते की शांतता, आवाज फोनमधून येतो की संगणकातून, आणि डोळ्यांवर चष्मा असतो का, एवढे लिहिले तरी पुरते. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढचा प्रत्येक निर्णय या नोंदीवर उभा राहतो. रोज चार तास ऑनलाइन बैठकांमध्ये बोलणाऱ्याला मायक्रोफोन महत्त्वाचा असतो, तर रात्री शांत खोलीत तासभर गाणी ऐकणाऱ्याला नॉईज कॅन्सलेशनसाठी, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणाऱ्या सोयीसाठी, जादा पैसे मोजण्याचे फारसे कारण नसते.

पायरी २ : कानावर नीट बसतो का ते पाहणे

कान पूर्ण झाकणारा बंद हेडफोन कानाभोवती थोडीशी हवा कोंडून ठेवतो आणि त्या कोंडलेल्या हवेवरच बेस, म्हणजे खर्जातला आवाज, अवलंबून असतो. कानावरची गादी कुठेही उचलली गेली की हवा निसटते, बेस पातळ होतो आणि नॉईज कॅन्सलेशनही दुबळे पडते. चष्म्याची दांडी, दाट केस किंवा कानाखालचा खोलगट भाग ही फट पडण्याची नेहमीची कारणे आहेत. तपासण्याची पद्धत सोपी आहे. बेस भरपूर असलेले गाणे लावावे आणि दोन्ही तळव्यांनी हेडफोन हलकेच कानांकडे दाबावा. दाबताच बेस एकदम वाढला, तर तो हेडफोन आपल्या डोक्यावर नीट बसत नाही असे समजावे, मग त्याची कितीही स्तुती वाचलेली असो.

वजनाचाही विचार येथेच करावा. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅमचा आहे, तर ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स जवळजवळ ३८५ ग्रॅमचा. पहिल्या पाच मिनिटांत हा फरक जाणवत नाही, दीड तासाने मात्र टाळूवर आणि मानेवर जाणवू लागतो. वजनाइतकीच महत्त्वाची असते ती हेडफोनची पकड. मी एकदा आवाजावर भाळून घेतलेला हेडफोन आठवड्याभरात परत केला, कारण तो चष्म्याची दांडी कानामागे इतकी रुतवत असे की तासाभरातच तो उतरवावा लागे. त्याचा आवाज मला आजही आठवतो, पण डोक्यावर ठेवता येत नसलेल्या हेडफोनचा आवाज चांगला असून उपयोग नसतो. शक्य असेल तर किमान अर्धा तास घालून बसावे.

इअरबड घेणार असल्यास सोबत दिलेले रबरी टोपण सर्व मापांत लावून पाहावे. अनेकांच्या दोन कानांना वेगवेगळे माप लागते, आणि तसे लावण्यात काहीही गैर नाही.

पायरी ३ : आवाज स्वतःच्या कानाने तोलणे

दोन हेडफोनची तुलना करताना नवखा माणूस जी चूक करतो ती आवाजाच्या पातळीची असते. दोहोंपैकी जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि या भ्रमातून अनुभवी श्रोतेही सुटत नाहीत. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्जाचे स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. त्यामुळे हळू वाजणारा हेडफोन नुसता लहान न वाटता फिका आणि पोकळही वाटतो. म्हणून आधी दोन्ही हेडफोनमध्ये एकाच गायकाचा आवाज सारख्याच अंतरावरून आल्यासारखा वाटेपर्यंत पातळी जुळवून घ्यावी, हेडफोनच्या ॲपमधला इक्वलायझर, म्हणजे खर्ज-तार स्वर कमी-जास्त करणारी सोय, दोन्हीकडे बंद ठेवावा, आणि मगच मत बनवावे.

ऐकण्यासाठी नवी, झगमगीत गाणी निवडू नयेत. वर्षानुवर्षे ऐकून पाठ झालेली तीन-चार गाणी घ्यावीत, कारण त्यांत काय कुठे असायला हवे हे आपल्याला ठाऊक असते. एक गाणे असे असावे की त्यात गायकाचा आवाज अगदी पुढे आहे. त्यात ‘स’, ‘श’ आणि ‘च’ ही अक्षरे कानाला टोचतात का, ते पाहावे. टोचत असतील तर तारस्वर वाजवीपेक्षा वर चढवलेले आहेत आणि हा हेडफोन तासाभराने थकवणार आहे. दुसरे गाणे खोल तालाचे असावे. त्यात प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो का, की सगळे मिळून एक घुमणारा ढग होतो आणि गायकाच्या आवाजावर पसरतो, हे तपासावे. तिसऱ्यात बरीच वाद्ये एकत्र असावीत, म्हणजे मागचे एखादे वाद्य लक्ष देऊन वेगळे काढता येते का ते कळते. दुकानातल्या गर्दीत ही परीक्षा पुरी होत नाही. शांत जागी, दोन वेगवेगळ्या दिवशी ऐकलेले मत अधिक भरवशाचे असते.

कागदावरच्या आकड्यांनी येथे फारशी मदत होत नाही. आवाज निर्माण करणाऱ्या ड्रायव्हरचा व्यास मोठा म्हणजे आवाज चांगला, अशी समजूत सर्रास आढळते. पण सोनीने २०२० च्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ मध्ये ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर दिला होता आणि २०२२ च्या एक्सएम५ मध्ये तो ३० मिलिमीटरवर आणला. व्यासावरून दर्जा ठरत असता, तर कोणत्याही कंपनीने आपल्या सर्वांत महागड्या मालिकेत असा बदल केला नसता. किंमतही आवाजाची साक्ष देत नाही. अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात २०१७ साली २८३ हेडफोनच्या मोजणीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हेडफोन कोणते स्वर किती उठावाने वाजवतो याचा त्याच्या विक्रीच्या किमतीशी संबंध आढळला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. महागड्या हेडफोनमध्ये आपण जादा पैसे देतो ते बऱ्याच अंशी नॉईज कॅन्सलेशन, बांधणी, मायक्रोफोन आणि आराम यांसाठी, आणि हे समजून दिलेले पैसे वाया जात नाहीत.

मग चांगला आवाज म्हणजे तरी काय? ध्वनी उपकरणे बनवणाऱ्या हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या दशकात, हेडफोनचे नाव श्रोत्यांना न कळू देता, अनेक चाचण्या घेतल्या. चांगल्या खोलीत ठेवलेले चांगले स्पीकर जसे ऐकू येतात त्याच्या जवळ जाणारा आणि बेस थोडा उचललेला आवाज बहुसंख्य श्रोत्यांना आवडतो, असे त्यांतून दिसून आले. अनेक समीक्षक आज ज्याला ‘हर्मन टार्गेट’ म्हणतात तो हाच. नवख्याने तो सुरुवातीचा मापदंड म्हणून वापरावा, मात्र आपल्या कानाला त्याहून कमी बेस आवडत असेल तर तो आपल्या कानाचा दोष मानू नये. स्वरांचा असा तोल ॲपमधल्या इक्वलायझरने बराच सुधारता येतो. नीट न बसणारी गादी मात्र कोणत्याही ॲपने सुधारत नाही, आणि म्हणूनच दुसरी पायरी आधी ठेवली आहे.

कोडेकचा प्रश्न येथे थोडक्यात सोडवून टाकू. ब्लूटूथवरून जाताना संगीत दाबून लहान केले जाते आणि ते दाबण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. सीडीवरचे संगीत सेकंदाला १,४११ किलोबिट इतके असते. सोनीने तयार केलेला एलडॅक हा कोडेक जास्तीत जास्त ९९० किलोबिटपर्यंत जातो, आणि प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनमध्ये असणारा एसबीसी साधारणपणे ३२८ किलोबिटवर चालतो. आयफोन एसबीसी आणि एएसी हे दोनच कोडेक वापरतो, त्यामुळे आयफोनवर ऐकणाऱ्याने एलडॅक किंवा ॲप्टएक्स या कोडेकसाठी एक पैसाही जादा देऊ नये. अँड्रॉइडवर एलडॅक आवृत्ती ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, आलेला आहे, पण सर्वांत वरच्या दर्जावर तो बॅटरी अधिक खातो आणि गर्दीच्या ठिकाणी तुटतो. माझ्या अनुभवात, दोन कोडेकमधल्या फरकापेक्षा गादी नीट बसण्या-न बसण्यातला फरक कितीतरी पटींनी मोठा असतो.

संगणकावर बैठका घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. हेडफोनचा मायक्रोफोन चालू होताच ब्लूटूथ जोडणी बहुधा बोलण्यासाठीच्या जुन्या पद्धतीवर उतरते आणि ऐकू येणारा आवाज एकसुरी, फोनसारखा चपटा होतो. नवख्याला वाटते की हेडफोन बिघडला. प्रत्यक्षात तो बिघाड नसतो, आणि बैठकीसाठी संगणकाचाच मायक्रोफोन निवडला की संगीताचा दर्जा पुन्हा पूर्ववत होतो.

पायरी ४ : नॉईज कॅन्सलेशनची गरज ठरवणे

बाहेरच्या आवाजाच्या बरोबर उलट लहर निर्माण करून तो आवाज खोडून काढायचा, ही कल्पना जुनी आहे. जर्मनीचे पॉल ल्यूग यांना तिचे अमेरिकी पेटंट १९३६ साली मिळाले, आणि वैमानिकांसाठीचा बोस कंपनीचा असा हेडसेट १९८९ साली बाजारात आला. इंजिनाची घरघर, पंखा, वातानुकूलन यांसारखा खालचा, सतत चालणारा आवाज हे तंत्र उत्तम दाबते. शेजारच्या माणसाचे बोलणे, भांड्यांचा खणखणाट किंवा बाळाचे रडणे ते पूर्ण पुसू शकत नाही. तेथे गादीची जाडी आणि घट्टपणाच कामी येतो. पहिल्या पायरीतल्या नोंदीत घरघर वारंवार दिसत असेल, तर या सोयीवर पैसे खर्च करावेत.

त्यामागे आरोग्याचेही कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. गोंगाटात बसलेला माणूस त्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज नकळत वाढवत नेतो. मागची घरघर दबली की तेच गाणे बऱ्याच कमी पातळीवर स्पष्ट ऐकू येते. कानाची हानी भरून येत नाही, म्हणून रोज प्रवासात ऐकणाऱ्यासाठी मी या सोयीला चैनीची वस्तू मानत नाही.

पायरी ५ : बॅटरीचा आकडा वर्षांच्या हिशोबाने वाचणे

खोक्यावरचा आकडा कोणत्या स्थितीतला आहे ते आधी पाहावे. सोनी एक्सएम५ साठी नॉईज कॅन्सलेशन बंद असताना ४० तास आणि चालू असताना ३० तास सांगितले जातात. बोसच्या २०२३ च्या क्वाएटकम्फर्ट अल्ट्रासाठी हा आकडा २४ तास आहे, आणि चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास देणारी इमर्सिव्ह सोय चालू केली की तो १८ वर येतो. एअरपॉड्स मॅक्सचे २० तास आणि सेनहायझर मोमेंटम ४ चे ६० तास हे दोन्ही नॉईज कॅन्सलेशनसह आहेत. हे सारे मध्यम आवाजावर मोजलेले आकडे असतात. मोठा आवाज, जड कोडेक आणि फोनवरचे बोलणे यांनी ते घटतात.

आता यातला खरा हिशोब करून पाहू. लिथियम-आयन बॅटरी सुमारे ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची धारणक्षमता साधारण ८० टक्क्यांवर येते, असे ढोबळमानाने मानले जाते. रोज ३ तास ऐकणारा माणूस वर्षाला १,०९५ तास ऐकतो. ३० तास चालणाऱ्या हेडफोनला त्यासाठी वर्षाला ३६-३७ पूर्ण चार्ज लागतील, म्हणजे ५०० चा टप्पा गाठायला तेरा वर्षांहून अधिक काळ जाईल. ६० तासांच्या हेडफोनला वर्षाला केवळ १८ लागतील. याचा अर्थ असा की कान झाकणाऱ्या हेडफोनमध्ये ३० आणि ६० तासांतला फरक आठवड्यातून किती वेळा केबल शोधावी लागते एवढ्यापुरताच उरतो, आणि त्या बॅटरीचे आयुष्य चार्जिंगच्या संख्येने ठरण्याआधी उष्णता आणि वय यांनीच ठरते.

इअरबडची गोष्ट वेगळी आहे. त्यांची बॅटरी नॉईज कॅन्सलेशनसह ६ तास चालते असे धरले, तर त्याच माणसाला वर्षाला १८२ पूर्ण चार्ज लागतील आणि ५०० चा टप्पा तीन वर्षांच्या आतच येईल. चार्जिंगच्या डबीत ठेवताच ते पुन्हा पूर्ण भरले जातात, आणि भरलेल्या स्थितीत दीर्घकाळ राहणे या बॅटरीला मानवत नाही. डबीसह एकूण ३० तास हा आकडा प्रवासासाठी सोयीचा आहे, पण कानातली ती चिमुकली बॅटरी त्यामुळे जास्त वर्षे जगत नाही. दीर्घ वापरासाठी कान झाकणारा हेडफोनच घ्यावा, असे माझे ठाम मत या हिशोबातून बनले आहे.

याच कारणाने आणखी दोन बाबी विचाराव्यात. एक म्हणजे थोडक्या वेळातले चार्जिंग. एक्सएम४ दहा मिनिटांत पाच तासांची भर घालतो, आणि ही सोय असेल तर एकूण तास थोडे कमी असले तरी अडत नाही. दुसरी म्हणजे केबल. बॅटरी पूर्ण संपल्यावर केबल लावून ऐकता येते का, हे माहितीपत्रकात तपासावे. काही हेडफोन केबलनेही बॅटरीशिवाय वाजत नाहीत, आणि काही वाजतात पण त्यांचा आवाज बदलतो. पाच वर्षांनी बॅटरी थकली तरी केबलवर वाजणारा हेडफोन घरात उपयोगी राहतो.

पायरी ६ : पैशाचे मोल काढणे

किंमत वापराच्या वर्षांनी भागावी. तीन वर्षांत टाकावा लागणारा हेडफोन आठ वर्षे टिकणाऱ्याच्या निम्म्या किमतीत मिळाला, तरी वर्षागणिक तो महागच पडतो. म्हणून विक्रेत्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. कानावरच्या गाद्या सुट्या मिळतात का आणि स्वतःला बदलता येतात का, हा पहिला. घाम आणि घर्षण यांनी त्या काही वर्षांत सोलवटतातच. बॅटरी बदलून मिळते का, हा दुसरा. फेअरफोनने २०२३ मध्ये आणलेल्या फेअरबड्स एक्सएलची बॅटरी वापरणारा स्वतः बदलू शकतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, तेथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतल्या लहान बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता आणि बदलता यायला हव्यात. ज्यांना घाई नाही त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

मागच्या पिढीचा हेडफोन घेण्यात कमीपणा मानू नये. सोनीच्या या मालिकेत २०१८ चा एक्सएम३, २०२० चा एक्सएम४, २०२२ चा एक्सएम५ आणि २०२५ चा एक्सएम६ या चारही पिढ्यांना नॉईज कॅन्सलेशनसह ३० तासच सांगितले गेले आहेत. सात वर्षांत तो आकडा हललेला नाही, त्यामुळे एक पिढी मागे गेल्याने बॅटरीत काही गमावत नाही. एक्सएम४ तर घडी करून लहान होतो, जे एक्सएम५ मध्ये होत नव्हते. मात्र अशा खरेदीत उत्पादनाची तारीख पाहावी, कारण खोक्यात पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होत असते. वापरलेला हेडफोन घेताना, पूर्ण चार्ज करून तो प्रत्यक्षात किती तास चालतो हे मोजल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नये.

पायरी ७ : परतीच्या मुदतीत करायचे काम

हेडफोन घरी आल्यावर खोके, वेष्टने आणि पावती मुदत संपेपर्यंत जपून ठेवावी. पहिल्याच दिवशी ॲपमधून फर्मवेअर, म्हणजे हेडफोनच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे, कारण नॉईज कॅन्सलेशन आणि जोडणीतले अनेक दोष त्यातूनच दूर होतात. मग फोन आणि संगणक दोन्हीशी एकाच वेळी जोडून पाहावा, आणि एकाला जोडताच दुसऱ्यावरचा कोडेक बदलतो का, हे ॲपमध्ये तपासावे. कोणाशी तरी दहा मिनिटे बोलून, समोरच्याला आवाज कसा येतो हे स्पष्ट विचारावे. किमान एकदा सलग दोन तास घालून बसावे, चष्मा असेल तर चष्म्यासह.

शेवटी एकदा पूर्ण चार्ज करून, आपल्या नेहमीच्या आवाजावर आणि नॉईज कॅन्सलेशन चालू ठेवून, तो बंद पडेपर्यंत वाजवावा. सलग ऐकण्याची गरज नाही, तीन-चार दिवसांत मिळून बेरीज केली तरी चालते. आलेला तासांचा आकडा आणि तारीख खोक्याच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवावी. वर्षातून एकदा हेच मोजमाप पुन्हा करून खाली नवी नोंद करावी. हमीच्या काळातच आकडा झपाट्याने घसरलेला दिसला, तर सेवा केंद्रात दाखवायला ही नोंद हाताशी असते.